उबुंटूवर ड्राइव्ह डिस्क ओळखतो, पण विकत घेतलेल्या डीव्हीडी चालत नाहीत

सदाशिवपेठकर

नमस्कार. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि आमचा जुना डेस्कटॉप विंडोज ११ साठी अपात्र ठरला. चालते यंत्र भंगारात देणे मनाला पटेना, म्हणून त्यावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली बसवली. पत्रव्यवहार, बँकेची कामे, मराठी टंकलेखन हे सर्व विनातक्रार होत आहे. अडचण केवळ डीव्हीडीची आहे.

नातवाच्या मुंजीची, छायाचित्रकाराने करून दिलेली डिस्क व्हीएलसी या प्लेअरमध्ये उत्तम चालते. लक्ष्मी रस्त्यावरून पूर्वी विकत घेतलेल्या नाटकांच्या डिस्कपैकी काही चालतात. इतरांचा मेनू दिसतो, परंतु नाटक सुरू करताच पडद्यावर हिरवे-करडे चौकोन उमटतात. मुलीने न्यू जर्सीहून आणलेल्या इंग्रजी चित्रपटांची एकही डिस्क चालत नाही, आणि त्यांतील एक तर ड्राइव्हला दिसतच नाही. विंडोज असताना नाटकांच्या सर्व डिस्क चालत होत्या. एका दुकानदाराने ड्राइव्हच बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो मानण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे समजून घ्यावे असे वाटते.

टर्मिनलप्रेमी, कोथरूड

ड्राइव्ह बदलू नका. मुंजीची डिस्क आणि काही नाटके चालतात, यावरूनच घरी लिहिलेल्या आणि कारखान्यात छापलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या डिस्क ड्राइव्ह वाचू शकतो, वापरकर्त्याला त्याची परवानगी आहे आणि डीव्हीडीवरील एमपीईजी-२ पद्धतीचे चित्र उलगडणारा कोडेकही जागेवर आहे, हे स्पष्ट होते. उरते ते कुलूप.

व्यावसायिक डीव्हीडीवरील चित्रफीत बहुधा सीएसएस नावाच्या पद्धतीने कूटबद्ध केलेली असते. तिची किल्ली अवघी ४० बिटांची आहे. मेनू पुष्कळदा मोकळा ठेवलेला असतो आणि मुख्य चित्रफीत तेवढी बंद असते, त्यामुळे आपण वर्णिलेले दृश्य, म्हणजे मेनू स्वच्छ आणि नाटकाच्या जागी चौकोन, हे या कुलपाचे नेहमीचे लक्षण आहे. छायाचित्रकाराने घरच्या संगणकावर लिहिलेल्या डिस्कला असे कुलूप नसते, आणि सर्वच नाटकांच्या निर्मात्यांनीही ते लावलेले नाही. विंडोजवर आपण जो प्लेअर वापरत होता, त्याच्यासोबत कुलूप उघडण्याची सोय आलेली असणार. उबुंटूसोबत ती येत नाही, आणि याचे कारण तांत्रिक नसून कायदेशीर आहे: अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार असे साधन वाटणे वादाचे ठरू शकते.

हे काम व्हिडिओलॅन या व्हीएलसीच्याच संस्थेने तयार केलेली लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, करते. उबुंटूच्या मल्टिव्हर्स या सॉफ्टवेअर-भांडारात लिबडीव्हीडी-पीकेजी नावाचे पॅकेज आहे. ते बसवले म्हणजे काम झाले, असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात त्या पॅकेजमध्ये लायब्ररी नसते, तर व्हिडिओलॅनकडून तिचा मूळ कोड उतरवून आपल्याच यंत्रावर ती बांधण्याची व्यवस्था असते. म्हणून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत, आधी ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ या आज्ञेपुढे पॅकेजचे नाव देऊन ते बसवावे आणि त्यानंतर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ या आज्ञेपुढे तेच नाव पुन्हा द्यावे. दुसऱ्या वेळी येणाऱ्या प्रश्नांना होकार द्यावा लागतो आणि त्या वेळी इंटरनेट चालू असावे लागते.

एक गोष्ट तपासून पाहावी. उबुंटूच्या अॅप सेंटरमधून व्हीएलसी घेतले असल्यास ते स्नॅप स्वरूपातील असण्याची शक्यता आहे, आणि स्नॅपमधील प्रोग्रॅम बंदिस्त आवरणात चालत असल्याने बाहेर बसवलेली लायब्ररी त्याच्या उपयोगी पडत नाही. तसे असेल तर ते काढून वरील एपीटीच्या आज्ञेने व्हीएलसी बसवणे इष्ट. स्नॅपविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, पण तो वाद येथे नको.

जी डिस्क ड्राइव्हला दिसतच नाही, तिच्या वेष्टनाचा रंग पाहावा. ते निळे असेल तर ती ब्लू-रे असण्याचा संभव आहे. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा तांबडा असतो आणि ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, त्यामुळे आपला ड्राइव्ह ती डिस्क वाचूच शकणार नाही आणि कोणतेही सॉफ्टवेअर त्याला मदत करू शकणार नाही.

औंधवासी

वरील उत्तर नाटकांना पुरेसे आहे, परंतु न्यू जर्सीच्या डिस्कना बहुधा पुरणार नाही. तेथे प्रश्न प्रदेशसंकेताचा आहे. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिका आणि कॅनडा पहिल्या विभागात येतात, भारत पाचव्या. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये हा संकेत ड्राइव्हच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यातच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदलेला असतो आणि वापरकर्त्याला तो फक्त ५ वेळा बदलता येतो. पाचव्या बदलानंतर जो विभाग असेल तोच कायम राहतो. ही मोजणी ड्राइव्हमध्येच राहत असल्याने विंडोज काढून लिनक्स बसवल्याने ती पुन्हा शून्यावर येत नाही.

म्हणून इंग्रजी चित्रपट लागला नाही की विभाग बदलायचा आणि नाटकाच्या वेळी तो पुन्हा पाचवर आणायचा, असे कृपया करू नये. रीजनसेट नावाचा छोटा प्रोग्रॅम उबुंटूच्या भांडारात आहे. तो डिस्क घालून चालवला असता सध्याचा विभाग आणि उरलेले बदल दाखवतो, आणि मग बदल करायचा का असे विचारतो. माहिती वाचावी आणि नकार द्यावा.

आधी लायब्ररी बसवून अमेरिकेची डिस्क लावून पाहावी. विभाग जुळत नसल्यास ड्राइव्ह किल्ली देण्याचे नाकारतो, पण लिबडीव्हीडीसीएसएस कूटबद्ध मजकुरावरूनच किल्ली शोधण्याचा प्रयत्न करते, आणि ४० बिटांच्या या दुबळ्या पद्धतीत तो अनेकदा यशस्वी होतो. मात्र काही ड्राइव्ह, विशेषतः लॅपटॉपमधील मात्सुशिता बनावटीचे, वेगळ्या विभागाच्या डिस्कवरील तो मजकूरही वाचू देत नाहीत. तसे आढळल्यास तापकीर गल्लीतून यूएसबीचा एक स्वस्त ड्राइव्ह आणून तो कायमचा पहिल्या विभागावर ठेवावा, असे मी सुचवेन. दोन देशांच्या डिस्क असलेल्या घरात दोन ड्राइव्ह असणे ही चैन नाही. तो संगणकाच्या मागच्या बाजूच्या यूएसबीत लावावा. वीज अपुरी पडली की असे ड्राइव्ह डिस्क फिरवतात आणि मध्येच सोडून देतात.

सदाशिवपेठकर

आपणा दोघांचाही आभारी आहे. व्हीएलसी खरोखरच स्नॅपमधील होते. ते बदलून आणि पॅकेजची दुसरी आज्ञा देऊन झाल्यावर नाटकांच्या सर्व डिस्क चालू लागल्या. इंग्रजी चित्रपट सुरू होण्यास बराच वेळ घेतात, पण विभाग न बदलता चालतात. न दिसणारी डिस्क ब्लू-रेच निघाली.

आता दोन शंका उरल्या आहेत. हे कुलूप उघडणे आपल्याकडे कायद्यात बसते का? आणि एक जुने नाटक ठरावीक ठिकाणी अडकते, त्यास काही उपाय आहे का?

जुनी डिस्क, नवी प्रत

पहिल्या शंकेविषयी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आले. संरक्षणाचे तांत्रिक उपाय कायद्याने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशाने ओलांडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. कलमाचा भर उद्देशावर आहे आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या हेतूसाठी त्यात सूटही ठेवली आहे. स्वतः विकत घेतलेले नाटक घरी पाहणे म्हणजे हक्कभंगाचा उद्देश, असे मला तरी वाटत नाही. प्रती काढून वाटल्यास गोष्ट वेगळी. मी वकील नाही, एवढे लक्षात असू द्यावे. नॉर्वेमध्ये हे कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅमवरून यॉन लेक योहान्सेन या तरुणावर खटला झाला होता आणि २००३ साली तो निर्दोष सुटला. अर्थात तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही.

अडकणाऱ्या डिस्कसाठी आधी मऊ, स्वच्छ सुती कापड किंचित ओले करून मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोलाकार पुसू नये, कारण माहिती गोल मार्गावर लिहिलेली असते आणि त्याच दिशेने पडलेला लांब ओरखडा डिस्कवरील चुका भरून काढणाऱ्या दुरुस्ती-संकेतांना पेलत नाही. तरीही अडकल्यास जीएनयू डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारे साधन वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते आणि बिघडलेल्या भागाकडे नंतर वळते. कोठपर्यंत वाचले याची नोंद ठेवत असल्याने काम थांबवून पुन्हा सुरू करता येते. ब्लॉकचा आकार २०४८ बाइट द्यावा. दोन थरांच्या डिस्कसाठी साडेआठ गिगाबाइटची जागा मोकळी असावी. नाटकाला कुलूप असेल तर ते आधी व्हीएलसीत थोडे चालवावे आणि डिस्क बाहेर न काढता प्रत सुरू करावी, कारण काही ड्राइव्ह किल्लीची देवघेव झाल्याशिवाय कूटबद्ध भाग वाचू देत नाहीत. आपल्या ड्राइव्हला बिघडलेला भाग वाचता आला नाही, तर तीच अर्धवट प्रत आणि तिची नोंदफाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालवता येते. एकाला न जमलेला भाग दुसरा पुष्कळदा वाचतो.