मदत हवी आहे: मॅजिक कमांडर, चौघांच्या टेबलावर गॉब्लिन डेक टिकत नाही

लालबुंद:
मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर प्रकार (डेकचा एक नायक-पत्ता, तोच कमांडर) खेळणाऱ्या जाणकारांसाठी प्रश्न. माझा डेक एकरंगी लाल, कमांडर क्रेन्को, मॉब बॉस. उतरवायची किंमत चार मॅना, आणि टॅप केला (वापरून तिरका फिरवला) की आपल्याकडे जितके गॉब्लिन तितकी नवी टोकन, म्हणजे डेकमधल्या पत्त्याशिवाय तयार होणारे गॉब्लिन. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. कागदावर झकास.

समोर तीन ठरलेले डेक. एक निळा कंट्रोल, म्हणजे इतरांचे डाव मोडत खेळ लांबवणारा; लँड (मॅना देणारे पत्ते) सोडून इतरांचं टेबलावरचं सगळं हातात परत पाठवणारी सायक्लॉनिक रिफ्ट धरून बसलेला. दुसरा पांढरा, दर हल्लेखोरामागे दोन मॅना मागणाऱ्या घोस्टली प्रिझनच्या आड. तिसरा व्होल्ट्रॉन, म्हणजे सगळी शस्त्रं एकाच कमांडरवर चढवायची आणि २१ कॉम्बॅट डॅमेज देऊन समोरच्याला बाद करायचं.

क्रेन्को उतरला की तिघांचं लक्ष माझ्याकडे. एकाचं ४० लाइफ संपवत आणेपर्यंत बाकीचे दोघं निवांत बोर्ड मांडतात. मग रिफ्ट पडते. टोकन हातात परत येत नाहीत, नाहीशीच होतात. उरलेलं काम व्होल्ट्रॉनवाला करतो. दोघांच्या २० लाइफच्या खेळात गॉब्लिनांची टोळी अशी अडत नाही.

आक्रमण सोडून कंट्रोलकडे वळू का? की थॉर्नबाइट स्टाफ आणि स्कर्क प्रॉस्पेक्टर या पत्त्यांचा अनंत गॉब्लिनवाला कॉम्बो घालू? टेबलावर कोणाची हरकत नाही, पण दर वेळी तोच शेवट मलाच कंटाळवाणा वाटेल. क्रेन्को बदलायचा सल्ला कृपया नको.

टॅपून बसलेला:
कंट्रोल नको. तुम्ही एक पत्ता खर्चून एकाचा एक पत्ता उडवलात तर दोघांचं नुकसान होतं आणि बाकीचे दोघं फुकटात पुढे जातात. निळेवालाही म्हणूनच सगळ्यांना एकदम लागू पडणाऱ्या रिफ्टची वाट बघतो.

तुमची अडचण साध्या गणिताची आहे. तिघांचं मिळून १२० लाइफ हल्ल्याने संपवायचं म्हणजे फार झालं. त्यात प्रिझनवाल्यावर १६ गॉब्लिन धाडायचे तर ३२ मॅना मोजा! त्यापेक्षा इम्पॅक्ट ट्रेमर्स घाला. दोन मॅना, आणि तुमचा प्रत्येक नवा प्राणी आला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला १ डॅमेज. हल्ला करायचाच नाही, मग प्रिझन काय अडवणार? क्रेन्को पाच वेळा टॅप झाला तर १+२+४+८+१६ म्हणजे ३१, तेही तिघांना. पर्फोरॉस हा पत्ताही तसाच, पण प्रत्येकी २ देतो, म्हणजे ६२.

सात लँड:
ट्रेमर्स चांगलंच आहे, पण वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली. तिघांना एकदम टोचलं की तिघं एकदम उलटतात. आधी टेबल वाचा.

घोस्टली प्रिझन दर हल्लेखोरामागे दोन मॅना मागतं. तुमच्यासाठी ती भिंत, पण व्होल्ट्रॉनवाला एकाच प्राण्याने येतो, दोन मॅना टाकून आत शिरतो. म्हणजे पांढऱ्याला संपवायला टेबलावर सगळ्यात लायक माणूस तोच. त्याला लवकर मारू नका. तुमच्याकडे वळला तर प्रत्येक हल्ल्यात एक टोकन आडवं घाला. ट्रॅम्पल (जादा डॅमेज आडव्या प्राण्याला ओलांडून पुढे जाणं) किंवा फ्लाइंग यासारखं काही नसेल तोवर तो तिथेच अडतो.

रिफ्टचं म्हणाल तर सगळ्यांना लागणारा तिचा ओव्हरलोड सात मॅनाचा आहे. निळ्याचे सात लँड अनटॅप दिसले की हातातलं सगळं ओतू नका. आणि रिफ्ट पडलीच तर क्रेन्को कमांड झोनमध्ये (कमांडरच्या राखीव जागेत) पाठवू नका, हातात येऊ द्या. झोनमधून पुन्हा टाकताना लागणारा दोन मॅनाचा जादा कर हातातून टाकताना लागत नाही. हे अनेक जुन्या खेळाडूंनाही सुचत नाही, उगाच कर भरत बसतात.

टॅपून बसलेला:
कराचा मुद्दा मान्य. व्होल्ट्रॉनला मोकळं सोडण्याबद्दल साशंक आहे. त्याच्याकडे ट्रॅम्पल देणारं एखादं शस्त्र असणारच.

लालबुंद:
आहे. पण ते शस्त्र फोडायला लाल रंगात पत्ते कमी नाहीत, त्यामुळे तो धोका पत्करतो. प्रिझनसाठी मात्र केऑस वॉर्पशिवाय फारसं काही नाही.

दोन महागडे ड्रॅगन काढून ट्रेमर्स आणि पर्फोरॉस घालतोय, कॉम्बो सध्या बाजूला. आता अडचण अशी की पर्फोरॉस आणि क्रेन्को दोघंही चार मॅनाचे. आधी कोण? आणि वाइपनंतर, म्हणजे टेबल एकदम साफ झाल्यावर, हात रिकामा राहतो, त्याचं काय?

सात लँड:
हात भरायला स्कलक्लॅम्प, ताकद एकने वाढवून टिकाव एकने कमी करणारं शस्त्र. एक मॅना देऊन १/१ (ताकद/टिकाव) गॉब्लिनला लावा, तो तिथेच मरतो आणि दोन पत्ते हातात.

क्रमाचं म्हणाल तर आधी पर्फोरॉस. तो अविनाशी आहे आणि एकटा असताना बहुतेक वेळा प्राणीही नसतो, त्यामुळे नेहमीचे मारक पत्ते त्याला लागत नाहीत. क्रेन्कोला पाच मॅना होईपर्यंत थांबवा. स्विफ्टफुट बूट्स आधीच टेबलावर ठेवा, चारात क्रेन्को, पाचव्यात बूट. हेक्सप्रूफ (प्रतिस्पर्ध्यांना त्याला लक्ष्य करता न येणं) आणि हेस्ट (उतरताच वापरता येणं) मिळाले की त्याच टर्नला टॅप. बूट चढायच्या आत कोणी मारलाच तर पुढच्या वेळी सहा मॅना, तेवढी तयारी ठेवा.