'द टेंडर बार': मामा खरंच एवढा थोर आहे का?

मध्यंतर:
जॉर्ज क्लूनीने दिग्दर्शित केलेला 'द टेंडर बार' (२०२१) हा सिनेमा पुन्हा बघितला. १९७३ सालचं, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं मॅनहॅसेट गाव. रेडिओवर निवेदक असलेला बाप पसार, आई पोराला घेऊन माहेरी आलेली, आणि जेआर वाढतो चार्लीमामाच्या, म्हणजे बेन ॲफ्लेकच्या, 'द डिकन्स' या बारमध्ये. मला मामा आवडतो तो बाप व्हायला जात नाही म्हणून. खेळात तुला गती नाही, दुसरं काहीतरी शोध, असं तो भाच्याला तोंडावर सांगतो. आपल्याकडचे मामा 'वा वा, छान खेळतोस' म्हणून मोकळे होतात! आणि नुसतं सांगून थांबत नाही, पुस्तकांनी खच्चून भरलेलं कपाट उघडून देतो.

निंबोणी:
असहमत. कपाट गोड आहे, पण ते शेंबडं पोर दिवसाढवळ्या बारमध्ये बसलंय त्याचं काय? पिवळा उजेड आणि जुनी गाणी लावली की सगळं प्रेमळ दिसतं. हाच मामा देशी दारूच्या दुकानात दाखवला असता तर आपणच त्याला फाडून खाल्लं असतं. पाकिटात थोडे पैसे असे ठेवायचे की ज्यांची दारू प्यायची नाही, हा म्हणे पुरुषाला शोभणारा धडा. म्हणजे बाकीच्यांची प्यायची हे ठरलेलंच!

मध्यंतर:
अहो, त्याच दमात आईला सांभाळ आणि बाईवर कधीही हात उगारू नकोस हेही सांगतो की. ते सोयीस्कर विसरलात.

पानगळ:
सिनेमा ज्यावरून घेतलाय ते जे. आर. मोहरिंगरचं, म्हणजे या जेआरचंच, मूळ आत्मकथन (२००५) वाचलंय का कुणी? त्यात चार्ली अंगावरचे केस गळाल्यामुळे टोपी आणि काळ्या चष्म्यामागे लपणारा, जुगारात बुडालेला माणूस आहे. ॲफ्लेक बघा, कसा रुबाबदार! शिवाय पोराला घडवणारा तो एकटा नव्हताच. मायलेक ॲरिझोनाला जातात, तिथल्या पुस्तकाच्या दुकानातले बिल आणि बड हे दोन विक्षिप्त इसम त्याला वाचायला लावतात, येल विद्यापीठासाठी मागे लागतात. सिनेमात दोघांचाही पत्ता कट. लेखकाचं स्वतःचं पिणंही पुस्तकात फार उघडं येतं, इथे निम्म्यावर आणलंय.

खडूस_म्हातारा:
तुमचं मामापुराण चालू द्या. मला विचाराल तर आजोबांनी बाजी मारली. शाळेत बाप-लेकांची न्याहारी असते, बाप नाही, तर एरवी घरात गबाळ्यासारखा खेकसत फिरणारा म्हातारा (ख्रिस्तोफर लॉइड) सूट चढवून नातवाबरोबर हजर. पाच मिनिटांचं काम, पण मामाच्या सगळ्या भाषणांना भारी.

निंबोणी:
आजोबांना +१. आणि आई? नोकरी तिची, आजारपण तिचं, पोराने येललाच जायचं हा हट्ट तिचा. पडद्यावर ती येते आणि जाते.

मध्यंतर:
सिनेमा मामा-भाच्याचा आहे, आईवर वेगळा काढावा लागेल. आणि बिल-बडना आणलं असतं तर पावणेदोन तासांत कुणालाच न्याय मिळाला नसता.

निंबोणी:
मामाचा आहे हीच तर तक्रार आहे. शेवटी गाडीची किल्लीसुद्धा मामाच्याच हातून. टाळ्या त्याला, आणि इतकी वर्षं घर ओढलं ती बाई कोपऱ्यात.