गोनोथेका म्हणजे अंडाशय? आणि ‘वितरण’ की ‘आढळ’?

वैशाली (वाशी):
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ओबेलियाच्या स्लाइडखाली मराठी पाटी लावायची आहे. ओबेलिया म्हणजे खडकांवर, जेट्टीच्या खांबांवर झुडपासारखा वाढणारा समुद्री हायड्रॉइड, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्याच्या गोनोथेकाला जुन्या तक्त्यावर ‘अंडाशय’ लिहिलंय. चालेल? आणि ही जात कुठे कुठे सापडते, त्याला ‘वितरण’च म्हणायचं ना?

शशांक (ठाणे):
वैशालीताई, ‘अंडाशय’ नकोच. स्लाइड नीट बघा. फांदीच्या बेचक्यात सुरईच्या घाटाचं पारदर्शक आवरण दिसेल, वर आखूड मान. ते आवरण म्हणजे गोनोथेका. आत मधोमध एक दांडा आणि त्याला लगडलेल्या कळ्या. त्या कळ्या म्हणजे अंडी नव्हेत, ती वाढीला लागलेली छत्रिकं, म्हणजे मेड्युसा, छत्रीसारखे चिमुकले जीव. ती मुकुलनाने, म्हणजे कळी फुटून, तयार होतात, आवरणाच्या तोंडातून बाहेर पडतात आणि पोहू लागतात. अंडी किंवा शुक्राणू तयार होतात ते या छत्रिकांत. पुढे प्लॅन्युला अळी, ती कुठेतरी चिकटली की नवी वसाहत. ‘अंडाशय’ म्हटलं की हा अख्खा फेरा मुलांच्या नजरेआड जातो, म्हणून मला तो शब्द फार खटकतो. मी ‘जननधानी’ लिहीन. ग्रीक ‘थेका’चा अर्थही पेटीच.

मेधा (नेरुळ):
‘जननकोश’ नको का? बोलायला सोपा आहे.

शशांक:
सोपा आहे, पण मुलांच्या डोक्यात कोश म्हणजे सुरवंटाचा, एका जिवाचा. इथे आत कितीतरी छत्रिकं असतात.

मेधा:
पटलं. सर्ट्युलॅरिया या दुसऱ्या हायड्रॉइडमध्ये छत्रिक सुटं होतच नाही, अंडी तिथेच पिकतात. तरी आवरणाला ‘धानी’ चालेलच. अ‍ॅग्लाओफेनिया या आणखी एका हायड्रॉइडमध्ये तर जननधानींभोवती बरगड्यांसारख्या फांद्या वळून ‘कॉर्ब्युला’ बनतो. त्याला आपली ‘करंडी’ हुबेहूब बसते, लॅटिन अर्थही तोच.
‘वितरण’ मात्र खोडाच. वितरण कुणीतरी करतं, पुस्तकांचं नाहीतर पाण्याचं. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंचा ‘आढळ’ असतो. जीव तिथवर पोचतो कसा, तो ‘प्रसार’: छत्रिकं प्रवाहाबरोबर, वसाहती जहाजांच्या तळाला चिकटून.

वैशाली:
मग ‘ओबेलिया: आढळ जगभर’ असं लिहू?

मेधा:
तो प्रजातीचा, म्हणजे अनेक जातींच्या गटाचा (जीनसचा), आढळ झाला. एका जातीबद्दल (स्पीशीजबद्दल) लिहायचं तर पूर्ण नाव हवं, आणि तिथेही जपून. ओबेलिया जेनिक्युलाटा जगभर एकच जात मानली जायची. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात न्यूझीलंड, जपान आणि उत्तर अटलांटिकमधल्या वसाहती एकमेकींपासून बऱ्याच दुरावलेल्या निघाल्या. स्लाइडच्या डब्यावर जातीचं नाव आहे का, ते आधी बघा.