सिंफनी ऐकताना षड्ज हरवतो, त्याचे काय करावे?

खर्ज (मूळ प्रश्न):
गेली वीस-बावीस वर्षे मी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकतो आहे. गाता येत नाही, पण राग बहुधा ओळखू येतो आणि समेवर मान आपोआप हलते. अलीकडे एका मित्राने आग्रहाने मुंबईतल्या एका सभागृहात नेले, तेव्हा बेथोव्हेनची पाचवी सिंफनी प्रथमच प्रत्यक्ष ऐकली. सुरुवातीचे चार स्वर अर्थातच ओळखीचे होते, परंतु दोन मिनिटांतच मी भरकटलो. एखादी सुरावट मनात रुजते न रुजते तोच ती टाकून दिली जाते आणि षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, कुठे आहे हेच कळेनासे होते. त्यातच पहिला भाग संपताच मी एकट्याने टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या गृहस्थांनी असे पाहिले की उरलेली सिंफनी मी हाताची घडी घालून ऐकली. तरीही शेवटचा भाग सुरू होताना अंगावर काटा आला. तो का आला, हे पाश्चात्त्य स्वरलेखन न शिकता समजून घेता येईल का?

पांढरी एक:
नक्कीच येईल. आपण भरकटला नाहीत, षड्जच हलला. येथे मागे तंबोरा नसतो, आणि आपल्याकडे मूर्च्छनेच्या (दुसऱ्याच स्वराला षड्ज मानण्याच्या) प्रयोगात जे कधीमधी घडते ते या संगीतात रचनेचा कणाच असते. पांढरी एक (हार्मोनियमची पहिली पांढरी पट्टी) हा षड्ज धरला, तर ते प्रसिद्ध चार स्वर म्हणजे ‘प प प ग’, त्यातला गंधार कोमल (शुद्धापेक्षा किंचित उतरलेला), आणि लगेच त्याला जोडून ‘म म म रे’. पाऊण मिनिटाच्या आसपास हॉर्न हाच ठेका घेऊन नवी सुरावट पुकारतात, तेव्हा षड्ज त्या कोमल गंधारावर जाऊन बसलेला असतो. पुढे, सगळा वाद्यवृंद धावत असताना मध्येच थांबतो आणि एकटा ओबो (सनईसारखे सुषिर वाद्य) जेमतेम एका श्वासाची आलापी करून जातो. ती जागा मी दर वेळी वाट पाहून ऐकतो.

आता आपल्या काट्याविषयी. तिसरा भाग नेहमीप्रमाणे संपतच नाही. टिंपनी (नगाऱ्यासारखे तालवाद्य) अगदी हळू आवाजात षड्जावर टकटक करत राहते, व्हायोलिने अंधारात चाचपडल्यासारखी वर सरकतात, आणि न थांबता चौथा भाग फुटतो: ‘सा ग प, म ग रे सा रे सा’, गंधार शुद्ध! शुद्ध गंधाराची चाहूल मधूनमधून लागलेली असते, पण तो हक्काने ठाण मांडतो तो येथे, वीस-बावीस मिनिटांनी. शिवाय ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून वाजवणारे तोवर नुसते बसून असतात. ते याच क्षणी सामील होतात.

लेहरा:
वरील विवेचन सुंदर आहे, मात्र सरगमच्या वाटेत एक धोका आहे. आपला कान एकाच सुरावटीचा पदर धरतो आणि खाली सेलो व बेस काय बोलत आहेत ते सुटते. म्हणून मी नवख्यांना राव्हेलचे १९२८ सालचे ‘बोलेरो’ सुचवतो. पंधरा मिनिटे ड्रमचा एकच ठेका, दोनच सुरावटी, आणि षड्ज जवळजवळ शेवटपर्यंत जागचा हलत नाही; बदलतात ती फक्त वाद्ये. कोणत्या वाद्याचा रंग कसा हे त्यात फुकट शिकता येते. त्यानंतर ब्राह्म्सच्या चौथ्या सिंफनीचा अखेरचा भाग घ्यावा: आठ मात्रांची नव्हे, आठ मापांची (माप म्हणजे मात्रांचा एक लहान गट) एक ओळ आणि तिचे तीस अवतार. आवर्तने मोजायची सवय असलेल्याला तो परका वाटणार नाही.

मागची रांग:
टाळ्यांचे फार मनाला लावून घेऊ नये. १८१३ साली व्हिएन्नात बेथोव्हेनची सातवी सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा श्रोत्यांनी दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला होता. मधली शांतता ही पुढे रुळलेली रीत आहे. सभागृहात ती पाळावी, पण अपराधी वाटून घेऊ नये. आणि कृपया लोकलमध्ये इअरफोनवर हे ऐकू नका. टिंपनीची ती टकटक डब्याच्या खडखडाटात बुडते, मग आवाज वाढवावा तर ट्रॉम्बोन कानठळ्या बसवतात.

खर्ज:
सर्वांचे आभार. रविवारी पहाटे, रस्त्यावर वाहने नसताना, पाचवी पुन्हा ऐकली. षड्ज तीनदा हरवला आणि दोनदा सापडला. ओबोची आलापी मैफलीत माझ्या कानांवरून कशी गेली असेल, याचेच आश्चर्य वाटते. टाळ्यांची धांदल तर तिच्यानंतरची. ब्राह्म्सची आवर्तने बोटांवर मोजू लागलो होतो, पण मध्यावर एकटी बासरी आली आणि मोजायचे राहूनच गेले. उद्या पहिल्या आवर्तनापासून पुन्हा धरतो.