गायनवर्गाचा पहिला तास: ओळखीचा खेळ सुचवा

प्रश्न (सांगली): नव्या वर्गात २० मुलं, वय ८ ते १२. पहिल्या दिवशी तोंडच उघडत नाहीत. काय खेळावं?

उत्तर: गोल करून बसवा. केरवा तालाच्या ८ मात्रा (ठोके) टाळीवर धरा. पहिल्या ४ मात्रांत एकानं नाव सांगायचं, पुढच्या ४ मात्रांत सगळ्यांनी तेच परत. मुलं हमखास लय पळवतात, म्हणून ठेका तुमच्याच हातात ठेवा.

उत्तर: सहमत. फक्त सूर लगेच नको, एकट्यानं गायला मुलं घाबरतात. दुसऱ्या फेरीत नाव सा-रे-ग एवढ्यातच, पट्टी काळी चारच्या आसपास, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून.

उत्तर: ताई, तंबोरे बनवणारं मिरज शेजारीच, तंबोरा मिळत असेल तर आणाच. चारही तारा एकेक करून छेडत नाव सांगायचं. नखानं नाही, बोटाच्या पेरानं. नाहीतर आवाज कर्कश येतो.