मदत हवी आहे: बालवाडीतल्या मुलांची हातापायांची कौशल्ये तपासायची कशी? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

सातपूरला आमची छोटीशी बालवाडी आहे. छोटा शिशू आणि मोठा शिशू मिळून एकच खोली, बाहेर पत्र्याची शेड आणि थोडं अंगण. बहुतेक मुलांचे आईवडील सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला जातात. वर्षातून दोनदा आम्ही प्रत्येक मुलाचा प्रगती-तक्ता भरतो. त्यातला 'शारीरिक विकास' हा भाग यंदा मला मनापासून नीट करायचा आहे. इथे थेरपिस्ट आहेत, डॉक्टर आहेत, अनुभवी ताई आहेत, म्हणून विचारते.

तक्त्यात प्रश्न असे आहेत: एका पायावर उभा राहतो का? कात्रीने रेषेवर कापतो का? मणी ओवतो का? पुढे हो, नाही, कधीकधी असे तीन चौकोन. माझी अडचण त्या 'नाही'पाशी आहे.

आमच्याकडे चार वर्षांची एक मुलगी आहे. कात्री दिली तर ती दोन्ही मुठींत एकेक कडी धरून कात्री उघडायची आणि मग कागद कुठे धरायचा म्हणून माझ्याकडे बघायची. तिची आई घरी शिवणकाम करते, त्यामुळे घरातली कात्री कायम फळीवर, मुलीच्या हाताला लागणार नाही अशी. आम्ही तिला आधी कागद फाडायला दिले, मग बोटाएवढ्या रुंद पट्ट्या एका घावात कापायला दिल्या. थोड्याच दिवसांत ती झालरी कापायला लागली.

दुसरा एक मुलगा आहे, साडेचार पूर्ण. त्याला सगळं करायला मिळतं, घरीही आणि इथेही. मोठ्या शिशूची मुलं लंगडी खेळतात तेव्हा तो हौसेनं पुढे येतो. उचललेला पाय लगेच खाली टेकतो, मग शेजारच्याचा खांदा धरतो आणि तरीही उडी काही बसत नाही. मणी ओवताना दोरा टोकापासून इतका मागे धरतो की टोक दरवेळी वाकतं. फाळके स्मारकाला सहल नेली होती, तिथल्या पायऱ्या तो कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणून उतरत होता. बोलायला एकदम तरतरीत, गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही.

तक्त्यात मात्र सुरुवातीला दोघांनाही सारखंच 'नाही' मिळालं असतं. एकीला संधीच मिळाली नव्हती आणि दुसऱ्याला संधी मिळूनही जमत नाही, हा फरक ज्या कागदावर दिसत नाही तो कागद आईवडिलांच्या हातात द्यायला मला पटत नाही.

थोडं वाचन केलं. लहान मुलांचा विकास वयाप्रमाणे होतोय का हे बघायची डेन्व्हर चाचणी 1967 सालची, अमेरिकेतली. तिची सुधारित आवृत्ती डेन्व्हर 2. तिच्यात प्रत्येक कृतीपुढे चार प्रकारच्या खुणा करता येतात असं कळलं: जमलं, जमलं नाही, नकार दिला, आणि संधी मिळाली नाही. हे वाचून फार बरं वाटलं. ही पद्धत मी आमच्या तक्त्यात आणू का? प्रत्येक मुलाला किती वेळा करून बघू द्यायचं? आधी मी करून दाखवलं तर चालतं का? आणि कुठल्या टप्प्यावर 'थोडं थांबू' न म्हणता तपासणीला पाठवायचं, नाशिकमध्ये कुठे? त्या मुलाच्या घरचे 'मोठा झाला की येईल' म्हणतात. त्यांना घाबरवायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही.

ओटी_गंगापूर_रोड:

ताई, तुम्ही जे दोन मुलांबद्दल लिहिलंय ते निरीक्षण आम्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (ओटी) कामाचं आहे. तेच तक्त्यात लिहा, चौकोनाच्या बाहेर समासात लिहावं लागलं तरी.

आधी एक खुलासा. डेन्व्हरमध्ये 'संधी मिळाली नाही' ही खूण फक्त पालकांना विचारून भरायच्या कृतींसाठी असते. जी कृती आपण समोर करून घेतो तिथे ती वापरत नाहीत. त्यामुळे कात्रीसारख्या गोष्टीला आधी काही दिवस खेळू द्या, मग तपासा. तुम्ही तसंच केलंत. करून दाखवायला काहीच हरकत नाही, बहुतेक चाचण्यांत दाखवतातच, कारण आपल्याला सूचना कळली का हे बघायचं नसून हात चालतो का हे बघायचंय. दोन-तीन संधी द्या आणि सर्वांत चांगली धरा. अनवाणी, सपाट कोरड्या फरशीवर. सगळा वर्ग बघत असताना नको, आणि डबा खाल्ल्यावर पेंगुळलेल्या मुलाचं तर नकोच.

वय महिन्यांत लिहा, हे मी सगळ्या बालवाड्यांना सांगते. तीन वर्षं एक महिना आणि तीन वर्षं अकरा महिने अशी दोन मुलं एकाच वर्गात शेजारी बसतात आणि आपण त्यांना एकाच मापानं मोजतो. ढोबळमानानं, समोरचं चित्र बघून गोल काढणं तीनच्या आसपास, अधिकचं चिन्ह चारला, चौकोन साडेचारला, त्रिकोण पाचला. एका पायावर उड्या चारच्या सुमाराला. पायरीगणिक एकेक पाय टाकत चढणं तीनच्या आसपास, तसंच उतरणं चारच्या. दोन-चार महिने इकडेतिकडे झाले म्हणून घाबरायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अभ्यासात भारतातली बाळंही होती. त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने इतका लांबरुंद निघाला. निरोगी मुलांतच एवढा फरक असतो.

तुम्ही करताय ती चाळणी आहे, निदान नाही. खरं मूल्यमापन वेगळं. आपल्याकडची बडोद्याच्या नॉर्म्सवर (तिथल्या मुलांवरून ठरवलेल्या मापांवर) उभी राहिलेली डीएएसआयआय ही बाळांच्या विकासाची चाचणी 30 महिन्यांपर्यंतच आहे, तुमच्या मुलांना ती उपयोगाची नाही. या वयाला आम्ही मूव्हमेंट एबीसी 2 किंवा पीबॉडी या हातापायांच्या कौशल्यांच्या चाचण्या वापरतो. मूव्हमेंट एबीसीत तीन ते सहा वयोगटासाठी खाचेत नाणी टाकणं, मणी ओवणं, दोन रेषांच्या मधून पेन्सिल नेणं, बीनबॅग झेलणं, एका पायावर तोल, टाचा उचलून चालणं असं असतं. निकाल सिग्नलच्या रंगांत येतो: पाचव्या पर्सेंटाइलला (म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांत खालून पाचवा) किंवा त्याखाली लाल, सोळाव्यापासून वर हिरवा, मधे पिवळा. हे संच प्रशिक्षित माणसानेच वापरायचे असतात, म्हणून त्यातली एखादी कृती उचलून तुम्ही गुण देऊ नका. तुम्ही फक्त काय दिसलं ते लिहा: कोणता पाय, किती सेकंद, हात कुठे होते.

तुमच्या मुलाबद्दल: न बघता निदान कोणी करू नये, आणि हालचालींच्या समन्वयाच्या अडचणीचं नाव साधारण पाच वर्षांच्या आधी दिलंही जात नाही. पण लंगडी, मणी आणि जिना या तिन्हींत सारखाच अडखळतोय आणि करून बघायची संधी भरपूर आहे, तर एकदा दाखवाच. आधी डोळे तपासून घ्या. आणि काही गोष्टी दिसल्या तर अजिबात थांबू नका: पूर्वी येत होतं ते आता येईनासं झालं, शरीराची एक बाजू स्पष्ट कमजोर आहे, वारंवार पडतो, किंवा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात रोवत रोवत उठतो. त्या वेळी थेरपिस्टकडे नाही, थेट बालरोगतज्ज्ञांकडे.

अंगणवाडीवाली_म्हसरूळ:

ताई, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, सुरुवात आपल्या पालघरलाच झाली होती. त्यांचं मुलांची तपासणी करणारं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि विकासातला उशीरही बघतं. तुमची बालवाडी खासगी असली तरी मुलाचं नाव त्यांच्या भागातल्या अंगणवाडीत असेल तर तिथे दाखवता येईल. पुढच्या तपासणीसाठी या कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, मोफत. त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये चौकशी करा. माता-बाल संरक्षण कार्ड घरात असेल तर ते बरोबर न्यायला सांगा.

दोघांची_आई:

पालक म्हणून सांगते. माझ्या धाकट्याच्या वेळी बालवाडीच्या ताईंनी 'मागे आहे' हा शब्दच काढला नाही. मला एका सकाळी बोलावलं आणि त्याच्या शेजारी बसवलं. तो बटण लावायला धडपडत होता ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग डॉक्टरांकडे जायला मला कोणी समजवावं लागलं नाही.

धागाकर्ती:

तिघींचे मनापासून आभार. तक्त्याच्या चौकोनांशेजारी रिकामा रकाना वाढवते, 'काय दिसलं' असा, आणि वय महिन्यांतच लिहिते. कात्री, मणी, चेंडू यांना आधी खेळायला वेळ, मग तपासणी. त्या मुलाच्या वडिलांची या आठवड्यात दुसरी पाळी आहे, म्हणजे सकाळी मोकळे असतात. दोघांनाही लंगडीच्या तासाला बोलावते आणि मग डोळ्यांचं आणि सिव्हिलचं बोलते. जमिनीवरून कसा उठतो ते आज मुद्दाम बघितलं, मांड्यांवर हात न टेकता सरळ उठला.

एक विचारायचं राहिलं. मोठ्या शिशूत दोन मुलं डावखुरी आहेत आणि आमच्या सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या. त्यांनी कापलेला कागद दुमडतो, तुटत नाही. त्यांचीही मग संधी नसण्यातच गणना झाली. लहान मुलांची, बोथट टोकाची डाव्या हाताची कात्री नाशिकमध्ये कुठल्या दुकानात मिळते? मेन रोडला दोन ठिकाणी विचारलं, नव्हती.