मालवणला स्नॉर्कलिंग: प्रवाळाला इजा होऊ नये म्हणून काय पाहावं?

ठाण्याची_आई
डिसेंबरात लेकीला घेऊन मालवणला जातेय. ती दहा वर्षांची आहे, पोहता येतं. मागच्या खेपेला किल्ल्याजवळ उतरलो, तेव्हा मी घाबरले म्हणून सोबतच्या माणसाने मला एका खडकावर उभं केलं आणि पाण्यात पाव कुस्करून टाकला. मासे आले, फोटो छान निघाले. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर पायाखाली प्रवाळ! तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. यंदा जावं की नको?

निळाई
माझ्या मते नको. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. वाघावर कोणी उभं राहतं का?

होडीवाला_मालवण
ताई, जरूर या. बारा वर्षं मी पर्यटकांना पाण्यात उतरवतोय, त्याआधी बाबांबरोबर जाळी ओढायचो. लोक आले नाहीत तर इथल्या पोरांना प्रवाळ जपायचं कारणही उरणार नाही.

तुम्ही फसलात यात नवल नाही. आमच्याकडचं बरंचसं प्रवाळ गोल धोंड्यासारखं वाढतं. वरचा पातळ थर तेवढा जिवंत, आणि असा धोंडा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. त्यावर टाच घासली की ती जागा सोलवटते आणि मग शेवाळ धरतं. ते शेवाळ खाणारे मासे असतात, पण त्यांना पावाची सवय लावली तर ते चरायचे कशाला?

मागे एकदा तुटलेलं नायलॉनचं जाळं प्रवाळावर अडकलेलं दिसलं. ओढलं असतं तर तुकडे हातात आले असते, म्हणून श्वास धरून पुन्हा पुन्हा खाली जात एकेक फास कात्रीने कापला. आत एक शेवंड (लॉबस्टर) जिवंत होती. सुटली तशी शेपूट आपटत उलटी कपारीत शिरली. गोबरा, तांबोशी, सगळ्यांची घरं त्याच कपारीत. ती मोडली की आमच्या ताटातलं पण गेलं.

समुद्र तापतो तेव्हा प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल सोडून देतं आणि पांढरं पडतं. अन्न त्या शैवालाकडूनच मिळतं, त्यामुळे उष्मा लांबला तर मरतं. ते माझ्या हातात नाही. प्रवाळ मोडणारा होडीचा नांगर मात्र माझ्या हातात आहे.

बुकिंगआधी एकच विचारा: होडी बोयाला (तळाशी कायम बांधलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधता की नांगर टाकता? आणि लेकीला लाइफ जॅकेट घालून तरंगूनच बघू दे.

ठाण्याची_आई
दादा, मनापासून आभार. सनस्क्रीन चालेल का?

होडीवाला_मालवण
त्यातली काही रसायनं प्रवाळाला बाधतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला, क्रीम फक्त तोंडाला.

ठाण्याची_आई
आज तिघांना फोन केले. दोघांनी नांगराचा प्रश्नच उडवून लावला. तिसरा म्हणाला, "बोयाला बांधतो, आणि पाव आणू नका हां." त्याच्याकडे २२ तारीख पक्की केली.